परत केलेल्या पिशव्या

कचऱ्याच्या डब्यावरून मी आयुष्यात किती भांडले याची गणती नाही, आणि एक भांडण सोडलं तर मला कशाचाही पस्तावा नाही. त्या एका भांडणात मी तोंडातून शब्दही काढला नव्हता.

मी एकटी बाई. माझा साध्या कचऱ्याचा, लाल झाकणाचा डबा कधी अर्ध्याच्या वर भरत नाही, आणि ही गोष्ट आमच्या अख्ख्या रस्त्याला ठाऊक आहे. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, चाळीस डिग्री ऊन असताना, लोकांना आपली कोलंबीची टरफलं टाकायला माझाच डबा आठवतो. अठरा नंबरच्या भाडेकरूंनी तर बाळाचे लंगोट माझ्या पिवळ्या झाकणाच्या, फक्त कागद-बाटल्यांसाठीच्या डब्यात कोंबले आणि कौन्सिलची ताकीद माझ्या झाकणावर चिकटली. अशा तीन झाल्या की डबाच उचलून नेतात. मग मी दोन्ही डब्यांवर माझ्या घराचा आकडा, चौदा, हातभर उंचीचा रंगवला. झाकणावर अर्धी वीट तर आधीपासूनच असायची, ती काकाकुव्यांसाठी. आमच्याकडचे काकाकुवे चोचीनं झाकण उघडून आतला माल रस्त्याभर मांडतात. काकाकुव्यांना निदान लाज नसते हे आपल्याला माहीत असतं. माणसांचं सांगता येत नाही.

बारा नंबरात क्लेम आणि नोरीन हार्टिगन राहायचे, अडतीस वर्षं. माझा नवरा रॉन गेला त्या आठवड्यापासून क्लेम दर सोमवारी संध्याकाळी आपल्या डब्यांबरोबर माझेही डबे उतारावरून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचा आणि मंगळवारी रिकामे झाले की आत आणायचा. मी त्याला कधी सांगितलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही. आमच्याकडे शेजारधर्म असाच असतो. वर्षातून एकदा त्याच्या दाराशी बियरची पेटी ठेवायची, की झाली परतफेड.

नोरीन सोमवारी चारला माझ्याकडे यायची. चहा, पत्ते आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाची निंदा, असा आमचा कार्यक्रम. पत्त्यांत ती उघड उघड लबाडी करायची आणि पकडली की इतकी हसायची की मलाच हरल्यासारखं वाटायचं. बहिणी मला दोन होत्या, पण बहीण म्हटलं की मला नोरीनच आठवते.

जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, ती आजारी पडली. सात आठवडे घरीच अंथरुणाला खिळून होती. मी रोज क्लेमच्या दारात जायची आणि तो दार अर्धंच उघडून म्हणायचा, "आज नको, हेझल." मी सूप नेलं तर त्यानं भांडं घेतलं आणि दार लावलं. उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात असं करत ऑगस्टमध्ये ती गेली, आणि मला ते तिच्या मुलीच्या फोनवरून कळलं. चर्चमध्ये मी तिसऱ्या रांगेत बसले. अडतीस वर्षांची मैत्रीण, आणि निरोपसुद्धा घेऊ दिला नाही या माणसानं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यानंही माझे डबे ओढणं बंद केलं. दुखऱ्या गुडघ्यानं मी ते स्वतः ओढत होते, आणि प्रत्येक पावलागणिक त्याचा उद्धार करत होते.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी संध्याकाळी, डबा बाहेर न्यायच्या आधी, मी चहाचा चोथा टाकायला गेले तर वीट खाली आणि आत एक पांढरी पिशवी. तोंडाला सुतळीची गाठ. ती गाठ मी डोळे मिटूनही ओळखली असती. क्लेमनं जन्मभर पोलादाच्या कारखान्यात क्रेनला दोर बांधायचं काम केलं होतं. माझी कपड्यांची दोरीसुद्धा त्याच गाठीनं बांधलेली आहे. माझ्या मस्तकात तिडीक गेली. दोन महिने तोंड उघडत नाही आणि कचरा टाकायला माझा डबा चालतो?

मंगळवारी सकाळी गाडी यायच्या आधी मी गाऊनवरच गेले आणि ती पिशवी त्याच्या पायरीवर, पायपुसण्याच्या मधोमध ठेवली. पिशवी हलकी होती, मऊ लागत होती. मी उघडली नाही. दुसऱ्याचा कचरा कोण उघडून बघतं?

पुढच्या सोमवारी पुन्हा पिशवी. मी पुन्हा नेऊन ठेवली. मग एक आठवडा काही नाही, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरी. तीही मी परत केली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. त्या माणसाला परत करायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

त्याच सुमारास मी त्याला कुंपणापलीकडे पाहिलं. ऑगस्टपासून वाढलेली दाढी उतरवली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला बघून त्यानं हात वर केला आणि चक्क हसला. मी मनात म्हटलं, कोडगेपणाची कमाल आहे. आणि आत निघून आले.

शनिवारी त्याची मुलगी लीन माझ्याकडे आली. पन्नाशीची बाई, टॅमवर्थला नोकरी करते, चार-पाचशे किलोमीटर गाडी हाकत आलेली. ती माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि कोट न काढताच रडायला लागली.

तिनं सांगितलं ते असं. बारा नंबरचं घर विकलं होतं. महिनाअखेरीला किल्ली द्यायची होती. तिच्या घरामागं तिनं क्लेमसाठी एक खोली बांधून घेतली होती, त्यालाही ती पसंत होती. फक्त नोरीनचं कपाट आपणच आवरू, असा त्याचा हट्ट होता. लीन म्हणाली होती, घाई नको डॅड, आठवड्याला एक पिशवी भर. दानाच्या दुकानात द्यायला तो तयार नव्हता. उद्या रस्त्यात नोरीनचा स्वेटर दुसऱ्याच बाईच्या अंगावर दिसला तर मी काय करू, असं त्यानं विचारलं होतं. तेव्हा टाकायचंच ठरलं.

"आणि आता सगळं परत हँगरवर आहे, आंटी," लीन म्हणाली. "झगे, कोट, सगळं. सपाता पलंगाशी. तो म्हणतो, मी तिला तीनदा बाहेर काढलं आणि तीनदा ती सकाळी पायरीवर परत आली. तिला जायचं नाही, म्हणून मीही जाणार नाही."

माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली.

"मी म्हटलं, काकाकुव्यांनी ओढली असेल पिशवी. तर म्हणतो, काकाकुवा पिशवी पायपुसण्यावर नीट ठेवून जातो का?" ती हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. "मंगळवारी डॉक्टर येणार आहे त्याचं डोकं तपासायला. हेच त्यानं डॉक्टरला सांगितलं तर मी त्याला मागच्या खोलीत ठेवू शकत नाही. मी दिवसभर कामावर असते. मग त्याला अशा ठिकाणी ठेवावं लागेल जिथं दाराला बाहेरून कुलूप असतं."

मी तिथंच सांगायला हवं होतं. मी एवढंच म्हटलं की चल, मी बोलते त्याच्याशी.

लीनला फोन आला म्हणून ती अंगणात थांबली आणि मी एकटीच आत गेले. चार महिन्यांत पहिल्यांदा. क्लेमनं दार पूर्ण उघडलं. घर झाडलेलं होतं, खिडक्या उघड्या होत्या, आणि टेबलावर दोन कप मांडलेले. माझं येणं त्याला माहीत नव्हतं. मला बघून त्यानं कपाटातून तिसरा काढला.

मला वाटलं होतं, एखादा भ्रमिष्ट म्हातारा भेटेल. पण तो आनंदात होता. त्यानं मला गुडघ्याचं विचारलं. सोमवारपासून डबे पुन्हा ओढीन म्हणाला, मध्यंतरी जमलं नाही, रागावू नकोस म्हणाला. मला त्या क्षणी उठून पळून जावंसं वाटलं. मी गप्प बसले तर याची बायको याच्याजवळ राहणार आणि दाराला कुलूप लागणार. बोलले तर हा मोकळा राहणार, आणि ती जाणार. आणि हे ठरवायचं मी, जिनं आयुष्यभर आपल्या डब्यात दुसऱ्याची काडी दिसली तरी डोक्यात राख घालून घेतली.

"क्लेम," मी विचारलं, "तू ते माझ्याच डब्यात का टाकलंस?"

त्यानं चहा ओतला. "माझा डबा मलाच ओढावा लागतो ना. तिला उतारावरून ओढत रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचं, हे मला नाही जमलं. एकदा केला प्रयत्न. फाटकापाशी गेलो आणि परत आलो." त्यानं कप माझ्यापुढं सरकवला. "तुझ्याकडे तिला आवडायचं. म्हटलं, तुझ्या घरून गेली तर तिला वाईट वाटणार नाही."

"त्या पिशव्या मी परत ठेवल्या, क्लेम."

त्यानं आपला कप न पिताच खाली ठेवला.

"तुझी गाठ ओळखली मी. आत काय आहे ते बघितलं नाही. मंगळवारी सकाळी गाऊनवर यायची आणि पायपुसण्यावर ठेवून जायची. मीच."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

त्यानं साखरेचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. मग अगदी हळू विचारलं, "का गं?"

मी म्हटलं, राग होता तुझा. सात आठवडे मी दारात उभी राहिले आणि तू मला तिला बघू दिलं नाहीस. हे बोलताना माझा आवाज चढला, इतक्या दिवसांचं साचलेलं होतं ते. पाप माझं आणि ओरडतेय मीच.

क्लेम माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिनंच सांगितलं होतं. केस गेले होते तिचे, दात काढून ठेवले होते. म्हणाली, हेझलला आत सोडू नकोस. तिच्या डोळ्यांपुढं मी पत्त्यात लबाडी करणारीच राहू दे. आणि हे तिला सांगूही नकोस, नाहीतर दार फोडून येईल. म्हणून मी नाही सांगितलं."

मला रडू आलं. चर्चमध्ये आलं नव्हतं ते सगळं आलं. मी त्याला काय काय म्हटलं ते आता आठवत नाही. माफी मागितली एवढं नक्की. त्या पिशव्यांत तिचे स्वेटर होते. ते मी छातीशी धरून त्याच्या पायरीपर्यंत तीनदा नेले, आणि मला कळलं नाही.

तो रडला नाही. खुर्चीत बसल्या बसल्या तो माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला. खांदे उतरले, मान खाली आली, इस्त्रीचा शर्ट अंगावर मोठा दिसायला लागला.

"म्हणजे ती आली नव्हती," तो म्हणाला.

"नाही रे."

लीन अंगणातून आत आली ती दारातच थांबली. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. क्लेम उठला. नोरीनसाठी मांडलेला कप कोरडाच होता, तरी त्यानं तो नळाखाली धुतला, पुसला आणि कपाटात मागच्या बाजूला ठेवला. मग आमच्याकडे पाठ करूनच त्यानं विचारलं, "टॅमवर्थला केव्हा निघायचं गं, लीन?"

तिनं मला बाहेर आणून मिठी मारली. म्हणाली, तुम्ही माझ्या डॅडला वाचवलंत, आंटी. मी तिचे हात सोडवले. घरी आले आणि दार लावून घेतलं.