चौथी लेन्स आणि अप्पांची खुर्ची

तपासनीस दुपारी साडेतीनला घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत सव्वा किलोची लेन्स होती आणि अंगात पेलाभर पाणी ओतून घ्यायचंही त्राण नव्हतं. चपला तिने दारातच भिरकावल्या. पिशवी मात्र दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, भिंतीकडे सरकवली आणि मग स्टुलावर बसली. खिडकीजवळची उंच पाठीची लाकडी खुर्ची रिकामी होती, पण तिच्यात अप्पांशिवाय कुणी बसत नसे.

"चौथी का?" आतल्या खोलीतून अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, विचारलं.

"चौथी."

"थांब, शर्ट बदलतो."

निळा शर्ट हा अप्पांचा लेन्स तपासायचा गणवेश. गेल्या वीस वर्षांतली ही निळ्या शर्टांची तिसरी पिढी. तेवढ्या वर्षांचे सगळे फोटो याच रंगात, याच खुर्चीत, याच खिडकीच्या चार वाजताच्या उजेडात काढलेले होते. बाकी काहीच बदललं नाही की जो फरक दिसेल तो लेन्सचाच, अशी तिची साधी पद्धत होती.

कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देणाऱ्या एका दुकानात ती नोकरीला होती. नवी लेन्स आली की आधी तिच्या हातात यायची. तिची सही झाल्याशिवाय फळीवर चढायची नाही. तशी ही नोकरी सुखाची होती. पण मिररलेस, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेले कॅमेरे आले आणि लेन्स बनवणाऱ्यांच्या जणू अंगात आलं. एक पॉइंट चार झालं, एक पॉइंट दोन झालं, आता शून्य पॉइंट पंच्याण्णव. आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि आत शिरणारा उजेड जास्त. झूम वगैरे काही नाही. जवळ जायचं तर आपल्या पायांनी जायचं. आणि तोंड बारीक केलं तर पुढचं-मागचं सगळंच स्वच्छ येतं; पूर्ण उघडी ठेवली की फोकस असा पातळ की पापणीचे केस मोजता येतात, पण नाकाचं टोक आणि कान धुक्यात जातात. मधे नखाच्या रुंदीएवढी जागा. लोक त्या जागेसाठी वेडे झाले होते आणि ती जागा नीट सांभाळली जातेय की नाही हे बघायचं काम हिच्याकडे होतं. डोळ्यांत तेल घालून बघून बघून तिचे डोळे संध्याकाळी चुरचुरायचे.

दुकानात भिंतीवर रेघांचा एक तक्ता होता. लेन्स आधी त्यावर बघायची, मग घरी आणून माणसाच्या चेहऱ्यावर. मालक म्हणायचे, तक्ता पुरे. ती म्हणायची, "तक्त्याचा फोटो काढायला कोण नेतं हो लेन्स भाड्याने? लोक माणसांचे काढतात." या एका हट्टामुळे तिच्या शब्दाला वजन आलं होतं. आणि चेहरा म्हणाल तर अप्पांसारखा दुसरा मिळाला नसता. अप्पा पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओत उभे राहून लोकांना "हलू नका" सांगत आले होते. स्वतः खुर्चीत बसले की तक्त्याइतकेच स्थिर असायचे.

आणि मग हे वर्ष आलं. पहिली लेन्स तक्त्यावर उत्तम, चेहऱ्यावर बिघडलेली. दहा फोटोंत कधी पापणी स्वच्छ, कधी भुवई, कधी नुसताच कान. तिने शेरा मारला, "फोकसची मोटर भरवशाची नाही." दुसरी लेन्स दुसऱ्या कंपनीची, तिचीही तीच गत. तिसरी आली, तीही तशीच. तिन्ही परत गेल्या. आणि तिन्ही कंपन्यांकडून तेच उत्तर आलं, की लेन्समध्ये कोणताही दोष आढळला नाही.

आज सकाळी मालकांनी तिला आत बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दमल्यासारखे बोलले.

"ताई, तुमच्या सहीवर मी डोळे मिटून माल घेतला आजवर. पण एक वाईट निघते, दोन निघतात. सगळ्याच कशा वाईट? गिऱ्हाईकं दुसऱ्या दुकानात चाललीत. ही चौथी घ्या. उद्या सकाळी सांगा. आणि यावेळी कंपनीने पुन्हा तेच कळवलं, तर तपासणीचं काम मी तुमच्याकडे ठेवू शकणार नाही. काउंटर सांभाळा, पगार तोच राहील."

पगार तोच राहील म्हणे. वीस वर्षं ज्याच्या जिवावर मान ताठ ठेवली ते काढून घ्यायचं आणि वर पगार तोच. तिला इतका राग आला होता की बसमध्ये दोन थांबे पुढे गेली आणि ते ओझं घेऊन उलटी चालत आली.

अप्पा निळा शर्ट घालून आले, खुर्चीच्या हातांना धरून सावकाश बसले. तिने कॅमेऱ्याची तिपाई उभी केली, खुणेच्या चिकटपट्टीवर तिपाईचे पाय नेमके ठेवले, लेन्स चढवली.

"ही दिसायला तर चांगली आहे," अप्पा म्हणाले.

"दिसायला तिन्ही चांगल्या होत्या."

"हल्ली काचा पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत." हे ते तिन्ही वेळा म्हणाले होते.

पहिले दहा फोटो घेतले. पुन्हा तोच तमाशा. पापणी, कान, कान, भुवई. तिने तिथेच स्टुलावर बसकण मारली. उद्या मालकांसमोर काय तोंड घेऊन उभं राहायचं? मग तिने ठरवलं, की मोटरचा संबंधच तोडून टाकायचा. मोटर बंद करून स्वतःच्या हाताने फोकस करायचा. तसे फोटो स्वच्छ आले तर दोष मोटरचाच, हा पुरावा मालकांच्या टेबलावर आपटता येईल. तिने उजवा डोळा पडद्यावर मोठा करून बघितला, लेन्सवरचं कडं फिरवून पापणीवर फोकस आणला आणि कडं हलू नये म्हणून वर कागदी पट्टी चिकटवली.

"अप्पा, आता अजिबात हलू नका."

"माझं वाक्य मलाच ऐकवतेस काय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी श्वास रोखला.

दहा फोटो. ते संगणकावर घेऊन ती एकामागून एक बघायला लागली. पापणी अस्पष्ट. भुवई स्वच्छ. पापणी स्वच्छ. पुन्हा अस्पष्ट. मोटर तर बंद होती. कड्यावर पट्टी होती. मग फोकस फिरवला कुणी?

खुर्चीच्या पाठीला दोन्ही टोकांना लाकडी गोळे होते. उजवीकडचा गोळा अप्पांच्या कानामागे फोटोत यायचा. वीस वर्षांत तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. दहाही फोटोंत तो सारखाच धूसर होता. केसभरही कमी-जास्त नाही. म्हणजे लेन्स हलली नव्हती. कॅमेरा हलला नव्हता. खुर्ची हलली नव्हती.

उरले अप्पा.

ती उठली, पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला आणि फोटो न काढता नुसती बघत राहिली. मोठ्या केलेल्या चित्रात अप्पांची पापणी स्वच्छ व्हायची, विरघळायची, पुन्हा स्वच्छ व्हायची. पुढे, मागे, पुढे, मागे. नुसत्या डोळ्यांना काही दिसलंही नसतं. नखभर हालचाल होती ती, उजव्या खांद्यातून वर येणारी.

"अप्पा, उजवा हात कुठेय तुमचा?"

"आहे की."

"मांडीखाली का दाबलाय?"

"गार वाटतंय जरा."

"दाखवा."

त्यांनी हात बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहिले, न थांबता. अप्पा त्या हाताकडे असे बघत होते, जणू तो शेजाऱ्याचा हात असावा.

"कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने."

"आणि तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत?"

"पहिल्या लेन्सच्या वेळी मला खरंच वाटलं, लेन्सच वाईट आहे," अप्पा म्हणाले. "दुसऱ्या वेळी शंका आली. तिसऱ्या वेळी श्वास रोखून बसलो होतो बघ. श्वास रोखला की उलट जास्त होतं ते."

"मी तीन कंपन्यांवर खापर फोडलं, अप्पा! तपासणीचं काम जायची पाळी आली माझी! एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

"सांगितलं असतं तर तू दुसरं कुणाला तरी बसवलं असतंस." त्यांनी हात पुन्हा मांडीखाली सरकवला. "मला आता दुसरं काम काय आहे? भाजी निवडतो ती तू नंतर पुन्हा निवडतेस, मला माहीत आहे. ही एकच गोष्ट होती, जी माझ्याशिवाय तुझी अडायची."

तिने कॅमेरा बंद केला. राग होता, आणि रागापेक्षा स्वतःची लाज जास्त वाटत होती. एवढे महिने त्यांच्या पापणीचा एकेक केस तिने शंभर पट मोठा करून बघितला आणि माणूस बघितला नाही. तिने उठून चहा ठेवला. अप्पांच्या पेल्यात नेहमीपेक्षा कमी ओतला, म्हणजे सांडणार नाही. त्यांच्याही ते लक्षात आलं.

"आपण डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली.

"जाऊ. आधी लेन्सचं बघ. उद्या सांगायचंय ना तुला?"

त्या संध्याकाळी तिने फुलदाणीवर, कपाटाच्या कडीवर आणि शेवटी अप्पांनी काढून ठेवलेल्या चष्म्याच्या काड्यांवर मोटर चालू करून फोटो काढले. सगळे लखलखीत. लेन्स सुरेख होती. इतकी सुरेख लेन्स तिने बऱ्याच वर्षांत हाताळली नव्हती, आणि तिला तिच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी तिने मालकांच्या टेबलावर चार कागद ठेवले. "ही लेन्स उत्तम आहे. आधीच्या तिन्हीही उत्तम होत्या. चूक माझी होती, तिन्ही शेरे मागे घेतेय."

मालकांनी कागद वाचले. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते त्यांच्या तोंडावरून कळेना.

"पण झालं काय होतं?"

तिने रात्रभर या उत्तराची तयारी केली होती. तरीही तोंडातून भलतंच आलं. "खुर्ची हलत होती."

"खुर्ची?" मालक हसले. "अहो ताई, एवढंच ना! मग खुर्ची बदला."

मालकांनी पुढे काय ठरवलं तेही सांगितलं: चूक कबूल केलीत म्हणून काम तुमच्याकडेच ठेवतो, पण यापुढे घरी तपासणी नको, दुकानात प्लास्टरचं डोकं आणून ठेवतो, खोट्या पापण्या लावलेलं. ते तरी हलणार नाही. ती "बरं" म्हणाली. काम राहिलं होतं.

पुढच्या मंगळवारी पाचवी लेन्स आली. प्लास्टरच्या डोक्यावर तिची तपासणी अर्ध्या तासात उरकली. दोष नव्हता. तिने सही केली, मालकांना विचारून ती एका रात्रीपुरती पिशवीत टाकली आणि घरी आली. नवी लेन्स येणार हे तिने सकाळी सांगितलं होतं; दारातूनच तिला दिसलं की अप्पा आधीच निळा शर्ट घालून खुर्चीत बसले आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी अजून काही फरक पडला नव्हता. हात मांडीखाली होता. प्लास्टरच्या डोक्याचं तिने घरी सांगितलेलंच नव्हतं, पण ती लवकर आलेली बघून तपासणी दुकानातच उरकली हे त्यांनी ओळखलं असावं.

"बसू ना?" त्यांनी विचारलं.

"बसलाच आहात की."

तिने तिपाई लावली. लेन्स चढवली. मग कॅमेऱ्यावरची चकती फिरवून लेन्सचं तोंड बारीक करत नेलं, एक पॉइंट दोनवरून दोन, चार, पाच पॉइंट सहा, आठ. अप्पांनी टकटक मोजली असणार. पस्तीस वर्षांचे कान होते ते.

"हात वर घ्या, अप्पा. गुडघ्यावर ठेवा."

"हलेल."

"हलू दे."

तिने एकच फोटो काढला आणि कॅमेरा त्यांच्यासमोर धरला. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं. पापणी स्वच्छ होती. कान स्वच्छ होता. नाकाचं टोक, कॉलर, लाकडी गोळा, आणि मागची भिंत, जी वीस वर्षांत एकाही फोटोत धड दिसली नव्हती, तीही पोपड्यांसकट स्वच्छ होती. विजेच्या बटणांभोवतीचे बोटांचे डागही दिसत होते.

"एवढी भारी लेन्स आणलीस आणि आठवर लावलीस?"

"हो."

त्यांनी कॅमेरा परत दिला. हात गुडघ्यावर तसाच हलत होता. यावेळी त्यांनी तो लपवला नाही.

"भिंत रंगवून घ्यायला हवी," अप्पा म्हणाले. "आता दर वेळी दिसणार ती."