चार पायांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण मला भिंतीवर शोधू नका. मला चार पाय आहेत, दोन लोंबते कान आहेत आणि पोपटासारखे बाकदार नाक आहे. जन्माने मी माडग्याळी मेंढा. जत तालुक्यातल्या आमच्या माळावर मला सरदार म्हणतात. हे नाव मालकांच्या आई धोंडुबाई आज्जीने माझे नाक पाहूनच ठेवले. आमच्या जातीला अंगावर लोकर नावालाच असते. पाठ आणि कुशी पांढऱ्या, रुंद, मधूनमधून तपकिरी डाग. पुढे जे घडले ते या पांढऱ्या जागेमुळे घडले, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझे मालक बाळासो. चाळीस मेंढरांचा कळप आणि एक मुलगी, समीक्षा. ती आठवीत गेली आणि त्याच वर्षी कोरोनाने शाळा बंद पाडली. मला वाटले, आता पोरगी दिवसभर आमच्या मागे फिरेल आणि कान खाजवेल. तसे काही झाले नाही. तिचे विज्ञानाचे श्रेणिक सर सांगलीत घरी अडकले होते. ते तिथून फोनवर शिकवायचे. गणिताच्या आकृत्याही त्याच सरांनी मागितल्या, कारण गणिताच्या बाई आजारी होत्या. दर शुक्रवारी विज्ञानाची, शनिवारी गणिताची आकृती काढायची आणि फोटो पाठवायचा, असा नियम होता. आमच्या घरात फोन एक आणि त्याला रेंज फक्त टेकडीवर. म्हणून समीक्षा आमच्याबरोबर टेकडीवर यायची. आम्ही चरायचो, ती शिकायची. सर हजेरी घ्यायचे तेव्हा मीही ओरडून हजेरी देत असे. माझे नाव मात्र त्यांनी कधी लिहिले नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या वह्या संपल्या. तालुक्याची दुकाने बंद. तिने जमिनीवर आकृती काढली, तर वाऱ्याने ती फोटोआधीच उडवली. मग घराच्या भिंतीवर काढली. आज्जीने भिंत त्याच सकाळी सारवली होती. आज्जी काय काय बोलली ते मी इथे सांगत नाही, कारण लहान मुलेही हे वाचणार.

अशातच खुणा करण्याचा दिवस आला. आमच्याकडे प्रत्येक धनगर आपल्या मेंढरांच्या मागच्या पुठ्ठ्यावर हुरमुंजाची, म्हणजे गेरूसारख्या लाल रंगाची, खूण करतो. दोन कळप पाण्यावर एकत्र झाले तरी कुणाचे कोणते ते कळावे म्हणून. आमची खूण गोल टिळा. शेजारच्या वस्तीवरच्या बिरदेवआण्णांची खूण दोन उभे पट्टे. जुन्या खुणा पुसट झाल्या होत्या. बाळासोंनी तेलात कालवलेला रंग आणि चिंधी समीक्षाच्या हाती दिली आणि ते पाण्याच्या कामाला गेले.

तिने पहिला टिळा मला लावला. मग ती माझ्या कुशीकडे बघत उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली.

तिने माझ्या बरगड्यांवर श्वसनसंस्था काढली. श्वासनलिका मानेपासून खाली आणि खाली दोन फुप्फुसे. चिंधीने इतक्या गुदगुल्या होत होत्या, पण मी पाय हलवला नाही. विद्येसाठी एवढे सोसावेच लागते. आकृती पुरी झाल्यावर तिच्या लक्षात आले की मी श्वास घेतला की फुप्फुसे फुगतात आणि सोडला की बसतात. ती जागच्या जागी नाचायलाच लागली. तिने फोटोऐवजी चित्रफीत काढली. ती सकाळी पाठवली, ती दुपारी सरांना पोचली. सरांचे उत्तर आले की, वीस वर्षे ही आकृती शिकवतो आहे, पण फळ्यावरची फुप्फुसे श्वास घेताना आज पहिल्यांदा पाहिली. त्यांनी ती सगळ्या वर्गाला पाठवली. मग कुणी ज्वारीच्या दाण्यांचा नकाशा केला, कुणी बाभळीच्या शेंगांचे अपूर्णांक केले. माझे पाय आठवडाभर जमिनीवर नव्हते.

कौतुकाने माझे डोके फिरले तसे तिचेही फिरले. दुसऱ्या दिवशी गणिताची आकृती होती, दोन समांतर रेषा आणि त्यांना छेदणारी छेदिका. एकीने भागेना म्हणून तिने नऊ मेंढ्या निवडल्या आणि नवांच्या पुठ्ठ्यांवर वेगवेगळ्या कोनांची आकृती काढली. उभ्या समांतर रेषा झाल्या आणि रंग संपला. छेदिका तिने चुलीतल्या कोळशाने ओढल्या, फोटो पाठवले आणि ठरवले की टिळे नंतर लावू.

धनगराच्या लेकीने करू नये अशी ती चूक होती. कोळसा दोन दिवसांत झुडपांना घासून गेला. नऊ मेंढ्यांच्या पुठ्ठ्यांवर उरले दोन लाल उभे पट्टे. तिसऱ्या दिवशी ती टेकडीवर तासाला बसली असताना आम्ही तळ्यावर उतरलो. तिथे बिरदेवआण्णांचा कळप होता. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मिरजेला ऑपरेशन ठरले होते, ते बंदमुळे राहून गेले. त्यामुळे ते मेंढरांचे तोंड बघत नसत, खूण बघत. पट्टेवाल्या नऊ जणी त्यांनी आपल्या म्हणून हाकलून नेल्या. मी ओरडलो, पण मेंढ्याचे कोण ऐकतो!

संध्याकाळी बाळासोंनी मोजणी केली, तर नऊ कमी भरल्या. ते मारणारे नव्हेत, ओरडणारेही नव्हेत. त्यांनी फक्त फोन आपल्या बंडीच्या खिशात ठेवला.

"नऊ मेंढरं परत आली तर तुजी शाळा," ते म्हणाले. "न्हाय आली तर काठी घ्यायची आन् मेंढरामागं चालायचं. झालं एवढं शिक्षाण लय झालं."

समीक्षा त्या दिवशी जेवली नाही. माझ्या फुप्फुसांवर डोके टेकून बसली. मला फार वाईट वाटले. तिचे काय होणार, एवढेच माझ्या डोक्यात होते. आणि थोडे माझेही, कारण फळा म्हणून माझे दिवसही संपणार होते.

काल तळ्यावर बिरदेवआण्णांचाच कळप होता, म्हणून सकाळी बाळासो मला आणि तिला घेऊन त्यांच्या वस्तीवर गेले. तोंडाला मास्क, मध्ये सहा पावलांचे अंतर, त्यामुळे भांडण दोन्ही बाजूंनी मोठ्याने करावे लागत होते. बाळासो म्हणाले की मी माझी मेंढरं तोंडावरून ओळखतो. आण्णा म्हणाले की तोंडावरून सगळीच मेंढरं सारखी, खूण बोलंल ते खरं. दोघेही खरे बोलत होते, म्हणून भांडण मिटेना.

तेव्हा समीक्षा पुढे झाली. "आबा, फोन द्या," ती म्हणाली. "माज्या अभ्यासात नऊबी मेंढरं हायती."

बाळासोंनी खिशातून फोन काढून तिला दिला. तिने तो पुसून दगडावर ठेवला आणि ती मागे झाली. आण्णांनी वाकून फोन डोळ्यापाशी नेला. फोटो कसा मोठा करायचा हे तिने लांबूनच सांगितले. फोटोत दोन रेषांवरून गेलेली काळी छेदिका स्पष्ट होती. मेंढीच्या कानामागचा तपकिरी डागही होता. आण्णांनी ती मेंढी जवळ ओढली, कानामागे नाक लावले आणि डाग शोधला. मग दुसरी. मग तिसरी. चौथीला ते थांबले.

"बाळासो, मेंढरं तुजीच हायती," ते म्हणाले. "आन् पोरी, माज्याबी मेंढरांचं आसं फोटू काड. खूण पुसती, ह्ये न्हाई पुसत."

मी आनंदाने एकदाच ओरडलो. नऊ जणी धावत आल्या. त्यांच्यामागे आण्णांच्याही चौदा आल्या. माझ्या नाकाचे मी आधीच सांगितले होते, हा त्याचाच प्रभाव. त्या सगळ्या वेगळ्या करायला दुपार झाली. तोवर समीक्षाने आण्णांच्या मेंढरांचे फोटो काढले. परतताना बाळासोंनी फोन तिच्याच हातात राहू दिला.

त्यानंतर पाऊस आला आणि माझी फुप्फुसे वाहून गेली. पुढच्या वर्षी शाळा उघडली. शाळेत खरा फळा आहे. ती एसटीने जाते आणि मी पुन्हा नुसता मेंढा झालो. टेकडीवर चरताना कधी कधी बरगड्यांना उगाच गुदगुल्या होतात. मित्रांनो, कागद संपला म्हणून थांबू नका. आजूबाजूला कुठेतरी पांढरी जागा असतेच. फक्त ती कुणाची आहे ते आधी विचारा, मालकाची खूण आधी करा आणि चिंधी जरा जोरात फिरवा.

यंदा समीक्षा दहावीला आहे. परवा खुणांचा दिवस होता. बाळासोंनी माझ्या पुठ्ठ्यावर नेहमीचा गोल काढला आणि चिंधी तशीच हातात धरून ते थांबले. दुसऱ्या कळपांसारखी खूण नको, आपल्या गोलात काहीतरी वेगळे हवे, असे ते आज्जीला सांगत होते. मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली.

"समीक्षा, त्यो तुजा व्यास मदनं जातो का कडंनं?"

"मदनं, आबा," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

त्यांनी जीभ दातांत धरून माझ्यावर रेघ ओढली, अगदी मधून. मी श्वास रोखून उभा राहिलो, पाय हलवला नाही.