एका सुताच्या दोन बाजू

मित्रांनो, मी हौदाच्या भिंतीतला एक जुना दगड आहे. माझ्या अंगावर दोन लिप्यांत दोन ओळी कोरल्या आहेत आणि दोन्ही एकच सांगतात: 'दमलास ना? पाणी पी, मग पुढे जा.' एवढंच. यात भांडण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

मला खाणीतून काढलं तेव्हा इथे पाथरवट एकच होता. दुसरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर आला, तापाने पडला आणि मागे राहिला. बोली वेगळी, देव वेगळे, भूक तेवढी सारखी. दोघांत मिळून रेघ मारायचं सूत एकच. गेरूत बुडवून त्यांनी ते माझ्यावर ताणलं आणि टिचकी मारून सोडलं. इथल्याची अक्षरं रेघेवर उभी राहायची, पाहुण्याची रेघेला लोंबायची. मग दुसरी रेघ कशाला? तीच एक कोरली आणि तिच्यावरच भागलं. काम संपेपर्यंत पाहुण्याच्या अक्षरांना इथली गोलाई आली, आणि बारीक छिन्नीला पाहुणा म्हणायचा तो शब्द इथल्याच्या तोंडात बसला. कायमचा.

पुढे दोन्ही लिप्या लोक विसरले. माझ्यावर चपला घासल्या, जाहिराती डकवल्या. मग कुणी जाणकाराने मला वाचलं आणि मी एकदम लाडका झालो! वरची ओळ 'आपल्या' पूर्वजांची, म्हणून तिला हार. खालची 'त्यांची', म्हणून कपाळाला आठ्या. दगडाला राग येत नाही असं वाटतं तुम्हाला? येतो.

हौदाच्या कमिटीचे अध्यक्ष म्हाताऱ्या पाथरवटाला म्हणाले, "खालची ओळ तासून टाका."

त्याच्या हाताला काम नव्हतं. तो आला. हाताखाली सून होती. तिच्या माहेरची अक्षरं म्हणजे माझ्या खालच्या ओळीच्या लेकी-नातीच. त्याला ते ठाऊक होतं, म्हणून तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याने पहिलं अक्षर उडवलं.

"मामंजी, रेघही काढायची का?" तिने विचारलं.

"रेघ आपली आहे."

"मग आमची अक्षरं तिला लोंबतात ती कशी?"

"तोंड आवर. ती बारीक दे इकडे."

"कोणती बारीक? नाव घेऊन मागा."

म्हाताऱ्याने चिडून नाव घेतलं. पाहुण्याचाच शब्द, जसाच्या तसा.

"माझे वडीलही हेच म्हणतात," सून म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा या घरातलं काही म्हणता काही कळेना. तुम्ही हा शब्द बोललात, आणि त्या दिवशी माझं रडणं थांबलं."

म्हाताऱ्याने हातोडा खाली ठेवला. "कधी बोलली नाहीस, पोरी."

"कधी विचारलंत?"

तेवढ्यात अध्यक्ष आले. "का थांबलात?"

"रेघ एकच आहे, साहेब. खालचं तासलं तर वरचं कशावर उभं राहणार?"

"मी दुसरा माणूस आणतो."

"आणा की. पण आधी दगडापुढून सूनबाईला उठवा. मला तर ती जुमानत नाही."

ती उठली नाही. अध्यक्ष आले तसे गेले.

मग सुनेने खडूने उडालेलं अक्षर काढून दाखवलं आणि म्हाताऱ्याने ते त्याच खड्ड्यात पुन्हा कोरलं. थोडं इथल्या वळणाचं आलं. मला नवल वाटलं नाही.

मित्रांनो, मला हार घालू नका. चपला घासल्यात तरी चालेल. पण कुणाची ओळ तासायला निघालात, तर आधी हातातल्या हत्याराचं नाव मोठ्याने घ्या. आणि मग विचारा, ते कुणी दिलं.