मोरचुदातलं पाणी

एका जागी कधी स्थिर न बसणाऱ्या त्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. तिला पुढच्या वर्षी रसायनशास्त्र घ्यायचं होतं आणि दोन्ही चाचण्यांत तिने गटांगळ्या खाल्ल्या होत्या. बाई म्हणाल्या, "एक गणित देते. जमलं तर माझा होकार, नाहीतर विषय बदल."

गणित दिसायला साधं होतं. मोरचुदाच्या निळ्याशार खड्यांत प्रत्येक रेणूमागे पाण्याचे पाच रेणू दडलेले असतात. ४.९९ ग्रॅम खडे तापवून ते पाणी उडवलं, तर मागे किती उरेल? बाईंचा शिरस्ता असा, की बर्नर पेटायच्या आधी उत्तर खडूने टेबलावर लिहायचं आणि मग ते पुसायचं नाही.

भिंगरीने रेणुवस्तुमान काढलं. तांबं, गंधक आणि ऑक्सिजन मिळून १५९.५. पाण्याचे २६. तिने झोकात लिहिलं: ४.२९.

तिचा आतेभाऊ वर्गात पहिला येणारा. तो गालातल्या गालात हसला. "भिंगरे, तू आपला इतिहास घे. तिथे वजनं करावी लागत नाहीत."

"तू तोंड आवर."

बर्नर पेटला. आडव्या धरलेल्या काचनळीत खडे तडतडले, कडेने फिके पडू लागले. नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला. मग दुसरा. मग खालच्या बशीत टपटप सुरू झाली, ती थांबायचं नावच घेईना.

भिंगरी बशीवर वाकली. तिच्या हिशेबाने सगळं पाणी मिळून पाऊण ग्रॅमसुद्धा भरत नव्हतं. मग हे एवढं आलं कुठून? ती बोटांवर मोजत पुटपुटू लागली. हायड्रोजनला पाचाने गुणलं, झाले दहा. आणि ऑक्सिजन? तो एकच धरला, सोळा!

"बाई!" ती अशी किंचाळली की आतेभाऊ स्टुलावरून घसरला. "ऑक्सिजनसुद्धा पाच! पाच जणांना जेवायला बोलावलं आणि पान एकच मांडलं मी!"

"पुसायचं नाही हं."

"पुसत नाही. खाली दुसरं लिहू?"

"लिही. पण हेही चुकलं, तर रसायनाला रामराम."

अठरा पंचे नव्वद. हातातला खडू मोडला, उरल्या तुकड्याने तिने लिहिलं: ३.१९.

नळीतला निळा रंग उडून पांढरी भुकटी उरली. बूच लावून नळी निवू दिली. बूच काढून ती काट्यावर ठेवली आणि रिकाम्या नळीचं वजन वजा केलं. ३.४१.

"गेलं!" आतेभाऊ म्हणाला. "दोन्ही उत्तरं गेली!"

भिंगरीने नळी डोळ्यांशी धरली. "तळाला बघ, अजून निळसर आहे! बाई, परत तापवा ना."

"मंद आचेवर. फार तापलं तर काळं पडेल."

३.२४.

"अजून एकदा!" हे ओरडला तो आतेभाऊ. आपण पक्ष कधी बदलला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

३.१९!

"थांबा," बाई म्हणाल्या. "अजून उतरत असेल तर?"

पुन्हा आच, पुन्हा निवणं. तेवढ्या वेळात भिंगरीने टेबलाभोवती किती फेऱ्या मारल्या, देव जाणे. काटा हलला, डुलला आणि थांबला. ३.१९.

"आता मंद आचेवर कितीदाही तापवा, काटा हलायचा नाही! उडून जायला आत पाणीच उरलं नाहीये!"

बाईंनी बर्नर बंद केला. "पुढच्या वर्षी पहिल्या बाकावर बस. आणि जरा हळू बोलत जा."

"हो बाई!" भिंगरी ओरडली.