गोड्या पाण्याचा मुद्दा

टाचणीचं टोक कागदाच्या पाठून बाहेर आलेलं होतं, ते अंगठ्यात रुतलं तरी विनीताबाईंनी निबंध खाली ठेवला नाही. समासात रक्ताचा एवढासा ठिपका उमटला, आणि त्यांना वाटलं, उमटू दे. बाकीचे निबंध शिक्षकखोलीच्या टेबलावर निमूट पडले होते, 'निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेल्या आपल्या सिंधुदुर्गात' इथून निघून 'म्हणूनच पर्यटन ही काळाची गरज आहे' इथवर एका दमात पोचलेले, सगळे गाइडातून उतरवलेले. आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना त्या निबंधांबद्दल माया वाटली.

दहावीतल्या अक्षयाने तसं काही केलं नव्हतं. तालुक्याच्या स्पर्धेचा विषय होता 'पर्यटन आणि माझे गाव', आणि ही मुलगी वाडीतल्या घराघरांत जाऊन विचारून आली होती, तुमची विहीर खारी कधी झाली? किनाऱ्याला पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या, प्रत्येक खोलीला न्हाणीघर, न्हाणीघराला पंपाचं पाणी. गोडं पाणी उपसत गेलं की त्याच्या जागी समुद्र आत येतो, असं तिने लिहिलं होतं. कोणी म्हणेल पाऊस कमी झाला, तर तो वरच्या वाडीतही कमीच झाला. तिथे खोल्या नाहीत आणि तिथल्या विहिरी अजून गोड्या आहेत. इथवर ठीक होतं... नाही, ठीक नव्हतं, पण सोसण्यासारखं होतं. सोसवत नव्हता तो आधीचा परिच्छेद. 'खोल्यांनी गावाला काहीच दिले नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. आमच्या वाडीतल्या एका आईचा मुलगा खोल्यांमुळे मुंबईची नोकरी सोडून घरी आला. आता ती संध्याकाळी दोघांचा भात लावते. हे सुख लहान नाही.'

ती आई म्हणजे मी. मुलगा म्हणजे माझा अजय. हिला कसं कळलं दोघांच्या भाताचं? शेवंतीने सांगितलं असणार—हिची आई, आमच्या खोल्यांच्या चादरी धुवायला येते ती. कार्टीने माझं घर उघडं करून कागदावर मांडलं, आणि तेही इतक्या... इतक्या सभ्यपणे! चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. आणि हे शिकवलं कोणी तिला? जूनपासून घसा कोरडा करून कोण ओरडत होतं वर्गात—मत म्हणजे मुद्दा नव्हे, समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडा आणि मगच ती खोडा?

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक परबसर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, भाषा छान आहे मुलीची. फक्त शेवट जरा सकारात्मक करून घ्या. बक्षिसं हॉटेलवाल्यांकडून आहेत, पाहुण्यांसमोर शोभायला हवं."

"आणि मुद्दे?"

"मुद्दे राहू द्यात की. शेवट तेवढा बदला."

मुद्दे तेच आणि शेवट उलटा! गठ्ठा उचलून सरांच्या अंगावर फेकावा असं त्यांना वाटलं. पण सरांचं ऐकून आपल्याला आतून हायसंही वाटलं, हे त्याच क्षणी ध्यानात आलं, आणि मग तर संताप कुठे ठेवावा तेच कळेना.

शेवटच्या तासाला त्यांनी अक्षयाला बोलावून घेतलं.

"निबंधाचा शेवट बदलायचा आहे."

"कुठला मुद्दा चुकला, बाई?"

"मुद्दा चुकला नाही. तू लहान आहेस अजून. अख्खा तालुका म्हणतो विकास झाला, आणि तू एकटी शहाणी?"

विनीताबाईंना स्वतःच्याच हातची अक्षरं फळ्यावर दिसली—वय हा पुरावा नव्हे. पुष्कळांनी म्हटलं म्हणून ते खरं होत नाही. थांबायला हवं होतं. पण जीभ पुढे धावली, शाळेची भाषा सोडून घरच्या भाषेत शिरली.

"तुझी आवस खंय कामाक येता, ध्यानात आसा मां? कोणाच्यो चादरी धुता?"

मुलीचा चेहरा लालबुंद झाला. आता रडेल, त्यांना वाटलं. रडावं अशी वाटच पाहिली त्यांनी.

"धुता ना," अक्षया हळू म्हणाली. "तेका पाणी लागता, बाई. आणि आमच्या घरात पिऊचा पाणी ती वरच्या वाडीतसून हाडता." मग, अगदी वर्गातल्या मराठीत, "बाई, हा मुद्दा नाही. ही धमकी झाली."

"जा," त्या म्हणाल्या.

सुरूच्या बनातून घरी येताना त्यांचे पाय वाळूत दाणदाण पडत होते. उद्धट कार्टी! शिकवलेलं शिकवणाऱ्यावरच उलटवते... पण उद्धट नव्हती ती, आवाजसुद्धा चढवला नाही तिने. चढवला तो मी. अंगणात अजय पाहुण्यांसाठी शहाळी तासत होता.

"काय झाला गो, आई?"

"काय नाय."

ओटीवर बसून त्यांनी निबंध पुन्हा उघडला. वैऱ्याचा वाचावा तसा वाचला, फट शोधत, ओळ न् ओळ चाचपत—आणि फट सापडली. वरची वाडी! वरची वाडी आहे डोंगराच्या उताराला, समुद्रापासून लांब. तिथे शंभर खोल्या बांधल्या तरी विहिरी खाऱ्या कशा होतील? तुलनाच लंगडी! त्यांच्या अंगातून आनंदाची शिरशिरी गेली. इथे वय नाही, अख्खा तालुका नाही, शेवंतीच्या चादरी नाहीत. हा खराखुरा मुद्दा, कोणापुढेही ठेवावा असा. आता बघू काय बोलते ती.

मग पुरावा कसला हवा होता? सवयीने त्यांनी स्वतःलाच विचारलं, वर्गात विचारत तसं. समुद्राला आपल्याइतकीच जवळ, पण आसपास खोल्या नसलेली विहीर. अशी विहीर गावात आहे का?

परवाच त्या नणंदेकडे, गावातल्या देवळापलीकडे गेल्या होत्या. नर्मदाच्या विहिरीच्या काठावरून लाटा दिसतात, आणि त्या टोकाला अजून एकही खोली नाही. उन्हातून आल्या म्हणून नर्मदाने आधी तांब्या पुढे केला, आणि त्या घटाघटा प्यायल्या, वर म्हणाल्यासुद्धा, "तुझ्या बावीचा पाणी अजून तसाच गोड आसा गो!"

ओटीवर त्या तशाच बसून राहिल्या. तुलना लंगडी आहे, एवढंच बोलले तर निबंध पडतो. पुढचं बोलले तर... नर्मदाच्या विहिरीचं बोलले तर तो खोडायची कोणाची टाप नाही, माझीसुद्धा. आणि ते पुढचं या घडीला एकट्या मलाच ठाऊक. निबंधाच्या शेवटावर बोट टेकून परबसरांना हवं ते वाक्य सुचवावं, की उद्या वर्गात—छे! अजय कोणाला तरी खोली दाखवत होता, मोकळं, आनंदी हसत होता. ते हसू त्यांना ऐकवेना आणि ऐकल्यावाचून राहवेना.

संताप उतरला नव्हता. उलट जास्तच भडकला होता, आणि कान धरून ओढावा तसा तो त्या पोरीकडेच धावत होता—एवढी घरं फिरलीस, एवढ्या जणांना विचारलंस, मग देवळापलीकडे जायला काय झालं होतं गो तुला? पाय दुखले? चांगल्या निबंधाची अशी माती करतात? अर्धवट काम करतेस आणि माझ्यापुढे आणून टाकतेस!