तेओपिस्तोचं कारोन

रोज सकाळी गुलाबाचे फोटो पाठवणारा सदुसष्ट वर्षांचा बाप्या सरळ असूच शकत नाही, हे मी बसमध्येच सांगितलं होतं. किमान तीन बायका दडवल्या असणार.

"चार म्हण ना," सिनांग म्हणाली. "तू सांगितलेल्या आकड्यात नेहमी एक कमीच असतो."

सिनांग माझी मैत्रीण, अकरा वर्षांपूर्वी विधवा झालेली. डुमागेतेच्या बाजारात सुकी मासळी विकणारा, स्वतःला विधुर म्हणवणारा हा तेओपिस्तो आठ महिने फोनवर तिच्यामागे लागला होता. शनिवारी भेटायचं आणि रविवारच्या बसआधी लग्नाला हो की नाही ते सांगायचं, असं ठरलेलं. म्हणून बाकोलोदहून आम्ही तिघी निघालो: ती, मी आणि माझी नणंद डेलिंग.

दुपारी बारा वाजता लॉजवर पोचलो. सिनांगनं फोन लावला. एरवी दोघं टागालोगमध्ये बोलायची, पण त्या दिवशी आनंदात त्याची जीभ त्याच्या गावच्या भाषेवर घसरली. "समुद्रावर ये! कारोन, कारोन!"

आमच्या बाकोलोदकडे कारोन म्हणजे मग, सावकाश. आम्ही आंघोळी केल्या, जेवलो, झोपलो. चार वाजता समुद्रावर गेलो, तर तिथे एक शेंगदाणेवाली आणि दोन कुत्री. सिनांगच्या फोनवर त्याचे नऊ कॉल पडलेले. डेलिंगच्या घोरण्यापुढे बोटीचा भोंगा ऐकू येत नाही, तिथे फोन कुठला? सिनांगनं उलटा फोन केला, तर उचलेना.

"बायकोनं पकडला त्याला," मी म्हटलं. "फोन आता तिच्याकडे आहे."

"मेला तर नसेल?" डेलिंग म्हणाली.

"तुम्ही दोघी जरा गप्प बसाल?"

रात्री सिनांग जेवली नाही. नव्या झग्याची घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवली. लॉजवालीनं विचारलं तेव्हा मीच सांगितलं, कारोन म्हणाला आणि आलाच नाही मेला.

लॉजवाली खुर्चीवरून पडायची राहिली. "अहो मानांग, आमच्याकडे कारोन म्हणजे आत्ता! या क्षणी!"

सकाळी बाजार गाठला. तेओपिस्तो सापडला. तीन तास उन्हात उभा राहिलेला, नाकावर अंडं तळावं इतका लाल.

"लांबून बघितलंस ना मला?" तो सिनांगला म्हणाला. "म्हातारा दिसलो म्हणून मागे फिरलीस."

सिनांगनं खरं ते सांगितलं. तो हसला, पण मी कसली हसते! भाषा निघाली वेगळी, बायका कुठे गेल्या?

"बायको खरंच वारली कशावरून?" मी विचारलं.

"चला, दाखवतो."

तीनचाकीत कोंबून आम्हाला थेट कबरस्तानात नेलं. बायकोची कबर होती, तारीखही बरोबर. पण शेजारी त्याचं स्वतःचं नाव कोरलेलं! जन्माचं साल घातलेलं, पुढे कोरी जागा.

"बघ!" मी सिनांगला चिमटा काढला. "याची जागा ठरलेली आहे. तू कुठे जाणार?"

तेओपिस्तोचं लाल नाक पांढरं पडलं. "तेव्हा दोघांचं एकदम कोरलं तर स्वस्त पडत होतं," तो पुटपुटला.

सिनांग बराच वेळ दगड वाचत राहिली. मला वाटलं, संपलं.

"माझंही नाव कोरलेलं आहे," ती म्हणाली. "बाकोलोदला, माझ्या नवऱ्याशेजारी. तेव्हा मेल्यावर भांडण नको. तू इथे, मी तिथे."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत तुझ्या घरी. पण मासळीच्या हातानं माझ्या उशीला शिवायचं नाही."

बसमध्ये आम्ही दोघीच परतलो. डेलिंग रडत होती. मी मात्र दगडावरचं ते जन्मसाल बोटांवर मोजून पाहिलं. मेला एकाहत्तरचा निघाला!