मोठ्या मापाची डावी वहाण

मित्रांनो, मी एक जुनी वहाण आहे. डाव्या पायाची. माझ्या जोडीला उजवी वहाण होती, पण ती रुंदीला माझ्या निम्मीसुद्धा नव्हती. असे का, हे मला कितीतरी दिवस कुणी सांगितले नाही.

खालापूरच्या बाजाराच्या कडेला चिंचेखाली भिवाजी चांभार बसे. गोणपाट, रापी, आरी आणि कातडी भिजवायची कुंडी एवढेच त्याचे दुकान. आगगाडी घाट चढू लागून तेव्हा पंचवीसेक वर्षे झाली होती. भिवाजीने म्हशीच्या जाड कातड्यातून मला कापले, तळाला चार पदर शिवले, वर रुंद पट्टा दिला आणि आतून शेळीचे मऊ कातडे लावले. येणारेजाणारे मला उचलून बघत. "भिवाजी, ही वहाण हाय का सूप?" असे विचारून हसत. भिवाजी मला त्यांच्या हातातून घेऊन गोणपाटाखाली सरकवी. मला वाटे, मी कापतानाच बिघडले आणि हा भला माणूस ते झाकतो आहे.

मग एके दिवशी धाकलू आला. पाताळगंगेच्या काठच्या गावात भातशेती करणारा, चाळिशीचा माणूस. बसता बसता त्याने डावा पाय धोतराखाली ओढून घेतला. भिवाजीने आजूबाजूला कुणी नाही असे पाहून मला त्या पायात सरकवले. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सारखाच जाड होता. कातडी ऐनाच्या झाडाच्या सालीसारखी खरबरीत, बोटांच्या बेचक्यात चिरा. लोक त्याला हत्तीपाय म्हणत. मी त्याला अगदी बरोबर बसले.

"कुणाला सांगू नको," धाकलू म्हणाला.

"नाय सांगत, दादा."

आमचा संसार सुरू झाला, पण मला त्यातले काही उमगेना. सकाळी मी त्याला सैल होई आणि दिवस कलताना पट्टा रुतू लागे. रोज हेच. मी आक्रसते की काय, अशी मला धास्ती वाटे. धाकलूलाही काही उमगत नव्हते. दर दोन-तीन महिन्यांनी जांघेत अवधाणाची दुखरी गाठ येई, हुडहुडी भरून ताप चढे, पाय निखाऱ्यासारखा लाल होई. आठवडाभर मी दाराशी पडून असे. ताप उतरे, पण पाय आधीपेक्षा जाड होऊनच उठे. त्याची बायको अंबाबाई म्हणे, शिवेवरचा उतारा ओलांडला असेल. वैद्य म्हणे, कफ साचला. शेजारी म्हणे, चिखलात उभा राहतोस म्हणून. पण शेजारीही त्याच चिखलात उभा राही आणि त्याचे पाय काठीसारखे सडसडीत होते. धाकलू ते पाय बघत बसे. मलाच का, हे त्याने आधी माणसांना विचारले, मग फक्त बैलांना. पंगतीला जाणेही त्याने सोडून दिले.

अशात अंबाबाईच्या भावाने एक फिरता वैदू गाठला. तो म्हणाला, पाय तीन जागी चिरतो, आतले पाणी काढतो, पाय होता तसा होईल. येता मंगळवार ठरला. आनंद मानावा की भ्यावे, ते धाकलूला ठरवता येईना. रविवारी तो मला घेऊन भिवाजीकडे गेला. माझा अंगठा उसवला होता.

"चार दिवस टिकंल एवढंच शिव," तो म्हणाला. "मंगळवारनंतर ही लागायची नाय." आणि त्याने वैदूची हकीकत सांगितली.

भिवाजीची आरी थांबली. मागे खुंटीला मापाच्या दोऱ्या टांगलेल्या होत्या. त्यातल्या तीन लांब दोऱ्या त्याने काढून गोणपाटावर ठेवल्या.

"ही तुमची. ही कर्जतकडच्या आबाजींची. ही बुधीची, टोपल्या इकते ती."

धाकलूने दोऱ्या एकमेकींशेजारी धरल्या. आबाजींची तर त्याच्या दोरीहून चार बोटे लांब निघाली. त्याने पुन्हा मोजली.

"एवढा पाय? माझ्यावाणी?"

"तुमच्यावाणी."

"मग इतकी वर्सं बोलला का नाय रं?"

"तुमी म्हणला, कुणाला सांगू नको. तेबी म्हणतात, कुणाला सांगू नको. मी कुणाकुणाचं ऐकू, दादा?" भिवाजी खाली बघत म्हणाला. "आज शब्द मोडला. उद्या बाजार हाय, दोघंबी येतील. भेटा, मग काय ते करा."

सोमवारी दुपारी धाकलू चिंचेखाली येऊन बसला. दोनदा तो उठून जायला निघाला. तेवढ्यात आबाजी काठी टेकत आले. साठीचे, पिळदार मिशांचे. त्यांच्या पायात माझ्याहून रुंद वहाण होती. जगात माझ्यासारखी आणखी कुणी असेल हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. पाठोपाठ डोक्यावर टोपल्यांची उतरंड घेऊन बुधी आली. भिवाजीने त्या तीन दोऱ्या तिघांच्या मधे मांडल्या आणि मंगळवारच्या वैदूची गोष्ट काढली.

ती ऐकून आबाजींनी धोतर गुडघ्यावर घेतले. पिंडरीवर तीन लांब, पांढरट व्रण होते.

"मी चिरून घेतला व्हता," ते म्हणाले. "सा महिने पू गळत व्हता. मरता मरता वाचलो. पाणी पुन्ना भरलंच."

"मग बरा कशानं होतो?"

"बरा नाय होत, गड्या."

धाकलूचा चेहरा उतरला. मग बुधी बोलली. "बरा नाय होत, पन संबाळता येतो. रोज साद्या पान्यानं धुवायचा. बोटांच्या मंदी कोरडं करायचं, वल राहिली की चिरा पडतात, आन् चीर पडली की ताप आलाच. करंजाचं त्याल लावायचं. सकाळी उठायच्या आदी जुन्या लुगड्याची पट्टी बोटांपासून वर गुंडाळायची. बसलं की पाय उंचावर."

"हे तुला कुणी सांगितलं गं?"

"कुनी सांगनार? पायानंच सांगितलं. धा वर्सं लागली."

धाकलूला हसू येत होते आणि डोळेही भरून येत होते. बरे होणार नाही हे ऐकून आपल्याला हलके का वाटते आहे, हे त्याला समजेना. मलाही समजले नाही.

मंगळवारी त्याने वैदूला परत पाठवले. अंबाबाई संतापली. "तुमाला बरं व्हायचंच नाय," म्हणून दोन दिवस बोलली नाही. पुढच्या बाजारी मात्र ती सोबत निघाली. आबाजींचे व्रण तिने पाहिले, मग बुधीसमोर बसली आणि म्हणाली, "पट्टी कशी बांदायची, मला दाव."

त्या पावसाळ्यात ताप आला, पण एकदाच. पाय बारीक झाला नाही, तरी संध्याकाळी पट्टा रुतायचा थांबला. धाकलू पंगतीला जाऊ लागला. पाय पुढे ठेवायला पाट मागून घेई. आणि दर बाजारी चिंचेखाली तिघे बसत. कुणाला ताप आला, कुणाची चीर भरली, कोण रडले, सगळे तिथे बोलले जाई.

सहा वर्षांनी माझा तळ झिजला. भिवाजी मला टाकणार होता.

"टाकू नको," धाकलू म्हणाला. "फुडं टांग, लोकांना दिसंल अशी."

तेव्हापासून मी चिंचेच्या फांदीला आहे. ऊन खाते, धूळ खाते. परवा एक बाई लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती. लुगड्याची किनार तिने डाव्या पावलावर ओढून धरली होती. धाकलूने आधी स्वतःचे धोतर वर घेतले, मग गोणपाटावर जागा केली.

मित्रांनो, कुणाचा पाय का सुजतो, हे मला आजही माहीत नाही. धाकलूलाही नाही. पण तुमच्या ओळखीत कुणी असा पाय झाकून बसत असेल, तर त्याच्या पायाला हसू नका, त्याला एकटे ठेवू नका. त्याच्यासारखे आणखी कोण आहे ते शोधून सांगा. कारण ती बाई पुढे आली, बसली, आणि धाकलू तिला एवढेच म्हणाला, "पाय वर घे, बाय. हितं समद्यांचे वरच असतात."